बारवेबाहेरची डोणी

"ज्यानं हे बांधलं ना, त्याच्या घरी म्हातारं मानूस नसनच," कस्तुराकाकू माझ्या कानापाशी पुटपुटली. "पायरी पाय कशी, टोंगयाएवढी! उतरू का उडी मारू?"

पायऱ्या गुडघाभर उंच, तिचा एक हात माझ्या खांद्यावर होता, दुसरा भिंतीवर, आणि बोलणं असं दबक्या आवाजात की बांधणाऱ्याला ऐकू जाऊ नये. त्या बिचाऱ्याला जाऊन कित्येक पिढ्या झाल्या. पण काकूचा स्वभावच तसा. कोणाच्या तोंडावर वाईट बोलायचं नाही, मग तो मेलेला का असेना.

"दमानं काकू. घाई नाही कोनाले."

"घाई कशी नाही? तुह्या पोरीले संध्याकाळच्या गाडीनं जाचं हाय ना?"

माझी पोरगी, साक्षी, आमच्याही खाली, पाण्याच्या कडेला टेप धरून बसली होती. ती अमरावतीला आर्किटेक्ट व्हायला शिकते. गावात कोणी विचारलं की मी म्हणते, घरांचे नकाशे काढते. मग लोक विचारतात, आमचं कवा काढते? या वेळी ती बारवेचा नकाशा काढायला आली होती, आणि मी तिच्या मागे चहाचा थर्मास घेऊन.

आमची बारव कामरगावच्या रस्त्यावर, कस्तुराकाकूच्या मळ्याला लागून आहे. मळा म्हणजे वांगी, मेथी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, सगळं पहाटे कारंजाच्या बाजारात जातं. बारव मात्र कित्येक वर्षं बाभळीत बुडालेली. फुटकी मडकी, जुन्या चपला, मेलेली कोंबडी, ज्याला जे नको ते त्यानं तिच्यात टाकायचं. मागच्या उन्हाळ्यात काकूचा मुलगा दिनेश आणि माझे मालक अश्वजित, दोघांनी गावाच्या दोन्ही टोकांची पोरं गोळा केली आणि महिनाभर गाळ उपसला. खालून ही निघाली. काळ्या दगडाची, तीन बाजूंनी पायऱ्या, मध्ये कमान. आमच्याकडे काळा दगड दिसला की त्याला हेमाडपंती म्हणून मोकळं होतात. साक्षी म्हणते, नक्की सांगता येत नाही. गावाला तिचं एवढं एकच बोलणं आवडलं नाही.

तेव्हापासून बघायला लोक येतात. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येतात. एक नवरी घागरा सावरत अर्ध्यात उतरली आणि खाली बसकण मारून म्हणाली, आता मला वर कोण नेणार? नवरदेव फोटोवाल्याकडे बघत राहिला.

रविवारी इथं कार्यक्रम होता. पंचायतीचा फलक लागणार होता, त्यावर साक्षीचं चित्र आणि प्रत्येक भागाचं नाव. दिनेश पंचायतीत आहे, म्हणून ते काम त्याच्याकडे. फलकवाला कारंजाचा. त्यानं सांगून ठेवलं होतं, मजकूर आज पाहिजे म्हणजे आज. आणि एकदा पत्र्यावर चढलं की आमच्या गावात ते खरंच असतं. शाळेच्या भिंतीवर एका पेंटरनं कावळ्याला पोपटाचा रंग दिला होता, तर वर्गातली पोरं अजून तसाच रंगवतात.

"केशर!" काकूनं मधल्या टप्प्यावर बसून वर हाक मारली. "ये ना वो खाली! पानी पाय कसं काचेवानी झालं!"

"तूच पाय," बाहेरून आवाज आला. "मले इथूनच दिसते."

तिथून काहीच दिसत नव्हतं. माझ्या सासूबाई, केशरबाई, बारवेच्या दक्षिण भिंतीबाहेर निंबाखाली बसल्या होत्या, आणि ती भिंत आतूनही पुरुषभर उंच आहे. नातीनं खूप आग्रह केला म्हणून त्या इथवर आल्या. सकाळी साक्षीनं हात धरून पायऱ्यांच्या तोंडाशी नेलं तर म्हणाल्या, माहे टोंगये दुखतात. आदल्या दिवशीच त्या कापूस वेचायला शेताच्या त्या टोकापर्यंत जाऊन आल्या होत्या. 

"तुही सासू कवाची हट्टी हाय," काकू मला म्हणाली.

"तुमी तरी कुठं कमी आहा."

काकू हसली. खरं तर ती उतरल्यापासून हसतच होती. घरात नळ आला तेव्हापासून तीही इथं आली नव्हती. साक्षी तिला दाखवत होती की बघा आजी, दगडाला दगड कसा बसवलाय, मध्ये चुना नाही. आणि बघा, थोड्या थोड्या पायऱ्यांनंतर हा सपाट टप्पा येतो, म्हणजे डोक्यावर भरलेलं घेऊन चढणाऱ्या बाईला थांबून श्वास घेता यावा.

"म्हंजे बायकोवाला होता," काकू म्हणाली. "मी उगाच बोलली त्याले."

मग काकूच साक्षीला दाखवायला लागली. हा कोनाडा, यात नव्या नवरीनं दिवा लावायचा. ही पायरी, हिच्यावर सगळ्यांनी भांडी घासून घासून बघ कसा खळगा पडला, अर्ध्या गावाची राख हिनं खाल्ली. इथं पाय सरकून माही नणंद पडली, अन वर निघाली तं नथनी नाही! सगळ्या बायका दोन दिवस पाण्यात बुडून नथनी शोधत होत्या, ती सापडली नणंदेच्याच पदराच्या गाठीत. हे सांगताना काकूचं वय कुठं गेलं कोण जाणे. तिचा आवाज कमानीखाली जाऊन दुप्पट होऊन येत होता. साक्षी भराभर टिपून घेत होती आणि मला वाटलं, झालं, आजचा दिवस चांगला जाणार.

मग आम्ही वर आलो, आणि सगळ्यात वरच्या टप्प्यावर साक्षी थबकली.

"आई, ही भिंत बघ."

दक्षिणेची भिंत. तिनं दगडावर बोटं फिरवली. "खालच्या दगडांवर छिन्नीचे घाव बारीक आहेत, एका ओळीत. इथं बघ, ओबडधोबड. आणि हे मध्ये चिपा घालून बसवलंय. ज्यानं बारव बांधली त्यानं ही भिंत बांधलेली नाही. चौथ्या बाजूनंही पायऱ्या असणार. कोणीतरी नंतर बंद केल्या."

"काहून बंद केल्या असतीन?" दिनेशनं विचारलं. तो नुकताच मळ्यातून आला होता, हातात फोन.

"तेच बघायचंय. आणि हे काय?"

भिंतीच्या मधोमध, कमरेच्या उंचीवर, दगडात कोरलेली पन्हळ होती. आतून रुंद, आरपार जाऊन बाहेर निमुळती. साक्षी वळसा घालून बाहेर धावली, मी तिच्या मागे. बाहेर जमीन खोल आहे, त्यामुळे पन्हळीचं तोंड तिथं डोक्याच्या बरोबरीनं येतं. तिच्या बरोबर खाली, दोन उभ्या दगडांच्या बेचक्यात, एक दगडी डोणी. आणि डोणीखालच्या उभ्या दगडाला पाठ टेकून आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बसलेल्या.

"दिनेशकाका, ही डोणी कशासाठी?"

"ती? बैलांसाठी. जनावरं पाणी पित असतील."

साक्षीनं टेप लावला. "बैलाची शिंगं या बेचक्यात जातच नाहीत."

दिनेशनं डोकं खाजवलं. "मग शेळ्या."

"शेळीची मान एवढ्या वर पुरेल?"

तेवढ्यात रंगरावकाका, म्हणजे कस्तुराकाकूचे मालक, खांद्यावर पाण्याचा पाइप टाकून बांधावरून चालले होते. त्यांना विचारलं. ते थांबले, बारवेकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. "घोडे," ते म्हणाले. "जुन्या काळात फौजा जात. घोड्यायले लागेच ना पानी." आणि पाइप ओढत घाईघाईनं गेले. त्यांच्या मेथीला कधी नव्हे इतकी तहान लागली होती.

"घोड्याला तरी कशी पुरेल ही?" साक्षी म्हणाली. "आणि कडेला हे गोल घासलेलं बघा. तोंड लावून असं घासत नाही. काहीतरी टेकवून टेकवून झिजलंय."

"पाखरांसाठी असेल," दिनेश पडेल आवाजात म्हणाला. "पूर्वीचे लोक दयाळू होते."

काकू कधी आमच्या मागून बाहेर आली ते कळलं नाही. ती निंबाच्या खोडाला हात लावून उभी होती आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. तिला कोणी विचारलं नाही. साक्षीनं आपल्या आजीलाच विचारलं.

"आजी, तू सांग. तू लग्न होऊन या गावात आलीस तेव्हा हे चालू असेल ना? कशासाठी होती ही?"

आत्याबाईंनी डोणीवरची वाळकी पानं हातानं झाडली. चांगली स्वच्छ झाडली.

"ढोरायची व्हय," त्या म्हणाल्या.

तुम्ही आमच्या गावातले नाही, म्हणून तुम्हाला सांगते. माझे सासरे, जानराव, होते तेव्हा एकदाच माझ्याशी यावर बोलले. आपल्या वस्तीच्या बायकांनी बारवेत उतरायचं नाही. भिंतीबाहेर उभं राहायचं. आत पाणी भरायला आलेल्या कोणा बाईला दया आली तर ती पन्हळीत ओतणार, ते या डोणीत पडणार, तिथं घागर टेकवून भरून घ्यायची. कोणी ओतेपर्यंत उभं राहायचं, उन्हात. दीक्षा घेतली, देव बदलले, मनं बदलली, पण पाणी तिथंच होतं. मग वस्तीनं आपली विहीर खणली. सासरे त्यात होते. पाणी लागलं त्या दिवसापासून आमच्यातली एक बाई त्या डोणीकडे फिरकली नाही. पण त्याआधी, नवी नवरी म्हणून आलेल्या आत्याबाईंचे काही उन्हाळे त्या भिंतीशी गेले. हे मला सासऱ्यांनी सांगितलं. आत्याबाईंनी कधी अक्षर काढलं नाही.

आणि गाव आता चांगलं आहे हो. खरंच चांगलं आहे. दिनेश आणि माझे मालक एका ताटात जेवतात. काकूच्या मळ्यातलं पहिलं वांगं आमच्या घरी येतं. जयंतीच्या मिरवणुकीत रंगरावकाका सरबताची टाकी घेऊन उभे असतात, आणि साखर कमी पडली तर स्वतःच्या घरून आणतात. अशा गावात ती गोष्ट काढायची म्हणजे पंगत बसलेली असताना जुनं भांडण काढणं. म्हणून कोणीच काढत नाही. ते त्यांच्या लाजेनं, आम्ही आमच्या.

पण आज माझी लेक आपल्या आजीला ढोरात लिहून जाणार होती. आणि आजीच तिला लिहायला सांगत होती.

साक्षी मला बाजूला घेऊन गेली. "आई, मी काय लिहू?"

"आजी सांगते ते लिही."

"आजी सांगते ते खरं आहे?"

"आजीनं सांगितलं ना."

"मी ते नाही विचारलं."

तिचे डोळे तिच्या आजोबांवर गेलेत. समोरच्याला वाट देत नाहीत. मी म्हटलं, "हे पाहा, मी इथं उभी नव्हते. माझ्या तोंडून ऐकलंस तर ती गोष्ट होईल. ज्या उभ्या होत्या त्यांना सांगू दे."

"आणि त्यांनी नाही सांगितलं तर?"

 मी तिला चहा दिला.

"मग मी ती जागा कोरी सोडते," ती परत येऊन दिनेशला म्हणाली. "बाकी सगळी नावं द्या. डोणीसमोर काही लिहू नका."

"अशी कशी कोरी सोडता येईल बाई? लोक म्हणतील, पेंटरचा रंग संपला." दिनेशचा फोन वाजायला लागला. फलकवाला. "आपण साधं लिहू. जनावरांसाठी. कोणाला त्रास नाही." तो फोन कानाला लावून मळ्याच्या बाजूला सरकला, तरी त्याचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. हां भाऊ, घ्या लिहून. वर मोठ्या अक्षरात गावाचं नाव.

 साक्षीचं एकच काम उरलं होतं. पन्हळ अजून वाहते का, ते बघून तिला व्हिडिओ काढायचा होता. ती बाहेर फोन धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, आतून पाणी ओत. मी मळ्यातल्या खोपीतून पाणी भरायचा पितळी गुंड आणला, खालून अर्धा भरून वर आणेपर्यंत माझा श्वास वरच्या वर. मी पन्हळीपाशी तो उचलला तर निम्मं पाणी माझ्याच पायावर.

"दे इकडं," काकू म्हणाली. ती पुन्हा आत आली होती. "तुमाले नाही जमाचं हे. सम्दं अंगावर घेता."

मी गुंड दिला आणि भिंत जिथं संपते त्या टोकाशी जाऊन उभी राहिले. तिथून आत काकू दिसत होती आणि बाहेर साक्षी.

काकूनं गुंड डाव्या मांडीवर टेकवला. उजव्या हाताचा पंजा त्याच्या तोंडाशी आडवा धरला, म्हणजे पाणी भसकन न येता धार धरून यावं. कंबर अशी वळवली की पाठ पायऱ्यांकडे झाली. मग मनगट भिंतीवर दोनदा आपटलं. बांगड्या वाजल्या. आणि तिनं तोंड वर करून, कोणाकडे न पाहता, हाक दिली:

"धर वोऽ!"

मी बाहेर पाहिलं. आत्याबाई उठल्या होत्या. हाक संपायच्या आत उठल्या होत्या. पदर डोक्यावर ओढून, कंबरेत वाकून, दोन्ही हातांची ओंजळ त्यांनी पन्हळीखाली धरली होती, आणि पाणी अजून यायचं होतं.

साक्षीच्या हातातला फोन हळूहळू खाली गेला.

मग धार आली. ओंजळीत पडली, भरून वाहिली, डोणीत टपटपली. काकूला बाहेरचं काही दिसत नव्हतं. पण स्वतःची हाक तिला ऐकू आली असावी, कारण तिचा हात मध्येच थांबला. बांगड्या गप्प झाल्या. पाणी थांबलं.

"कस्तुरा," आत्याबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "थांबली काहून?"

आत काकू भिंतीशी सरकली. मग, "भरलं काय?"

"ओंजय भरली. घागर कुठं आनली मी."

"केशर." काकूनं कपाळ दगडाला टेकवलं होतं. "माही सासू मागं उभी राहे ना, तवा मी अर्धंच वतत होती."

"माहीत हाय मले."

"तुले कसं माहीत? तुले तं आतलं दिसत नोतं."

"तुह्या बांगड्या थांबत. बांगड्या थांबल्या का मी समजून घेत होती, बुढी आली, आता काही येत नाही."

"अन येवढ्या वर्षात तू कवा बोलली नाही मले. माहा मया खुरपला, माह्या पोराच्या लग्नात पोया लाटल्या. बोलाचं ना!"

"तवा बोलली असती तं तू अर्धंबी वतलं नसतं," आत्याबाई म्हणाल्या.  "अन मंग बोलून काय करू? तुहं तोंडच तं मी नंतर पाह्यलं. पयले नुसत्या बांगड्याच वयखीच्या होत्या. तोंड पाह्यलं तवा वाटलं, हे तं आपल्याच वयाची पोट्टी हाय. येडी."

त्या हसल्या. ओंजळ अजून तशीच होती, तिच्यात पाणी हलत होतं. त्यांनी ते टाकलं नाही. तोंडाला लावलं आणि प्याल्या, आणि ओल्या हातानं नातीच्या गालावरून हात फिरवला. नातीचे गाल आधीच ओले होते.

आत काकूनं गुंड खाली ठेवला. तो घसरून पायऱ्यांवरून गडगडत, ठणठणत थेट पाण्यात गेला आणि कमानीखालून त्याचा आवाज परत आला. एरवी काकूनं पितळेसाठी आकाशपाताळ एक केलं असतं. तिनं वळूनही पाहिलं नाही.

तो आवाज विरला तसं पलीकडून दिनेशचं ऐकू आलं. "हो भाऊ, शेवटचंच राहिलं. लिहा. दगडी डोणी. पुढं लिहा, जनावरांना पाणी..."

"दिन्या!"

कस्तुराकाकूला मी इतकी वर्षं ओळखते. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बांधावर रंगरावकाका पाइप धरून जागीच उभे राहिले.

"काय वो माय? फोनवर हाय ना मी!"

"त्याले म्हन, थांब. जनावर खोड म्हन." तिनं पन्हळीत तोंड घातलं, जसं तिला बाहेरच्या प्रत्येकाच्या कानात बोलायचं होतं. "साक्षी, तू लिही, पोरी. तुह्या हातानं लिही अन ह्याले दे. हे ढोरायचं नोतं. मानसायचं होतं. हे माह्या केशरचं होतं. आमी तिले इहिरीत उतरू देत नोतो, म्हनून होतं."